लिमये बाई आणि बाजारबुणगे

लिमये बाईंशी मी आयुष्यात एकदाच सौदा केला आणि तो हरलो. मंडपाच्या धंद्यात कल्याणपासून ठाण्यापर्यंत मला भावात खाली आणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे माझी बायकोही मान्य करते, आणि ती माझं दुसरं काहीच मान्य करत नाही.

ठाकुर्लीला खंबाळपाड्याच्या रस्त्यावर माझं गोडाऊन आहे. एका दुपारी बाई तिथे आल्या. केस पूर्ण पांढरे झालेले, पण चाल तीच. वर्गात शिरताना असायची तशी, आधी डोकं आणि मग बाकीच्या बाई. हातात गुलाबी रंगाची, लहान मुलांची पाण्याची बाटली होती. मुलं शाळेत विसरून जायची आणि वर्षभर कोणी न्यायला यायचं नाही, अशा वस्तू बाई पहिल्यापासून वापरायच्या. आमच्या वेळीही त्यांच्याकडे सशाचं चित्र असलेली छत्री होती.

"मला एक छावणी हवी आहे," बाई म्हणाल्या.

रघू, माझा मुकादम, वही काढून म्हणाला, "मॅडम, लग्नाची की बारशाची?"

"लढाईची."

रघूने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी समजावून सांगितलं. त्यांची जुनी चाळ पाडली होती आणि त्या ठाकुर्लीच्याच एका कॉम्प्लेक्समध्ये राहायला आल्या होत्या. सुट्टीत तिथल्या मुलांना त्यांना दाखवायचं होतं की जुन्या काळी सैन्य मुक्काम कसा टाकायचं. बांबू, ताडपत्री, सुती दोर, आणि गाठी मारायला शिकवणारी दोन माणसं. मी राहतो तेच ते कॉम्प्लेक्स. मी तिथल्या कमिटीचा अध्यक्ष. हे मी बाईंना सांगितलं नाही. भाव सांगितला. निवडणुकीच्या सभेलाही सांगत नाही असा.

आता बाई डोळे मोठे करतील, मी जरा ताणीन, त्या विनवतील, मी उपकार केल्यासारखा थोडा खाली येईन. किती वर्षं मी ह्या सौद्याची वाट बघत होतो, ते मलाच त्या क्षणी कळलं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "आणि पाऊस?"

"पाऊस काय?"

"वळवाचा आला तर? ताडपत्रीला उतार कुठल्या बाजूला देणार? पाणी जिथे जाईल तिथे माझी घोड्यांची रांग आहे."

जो भाव करतच नाही, त्याला हरवणार कसा? मी मुकाट्याने उतार कसा देतात ते दाखवलं. बाई दोराचं टोक बोटांनी उलगडून बघत होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू हांडे ना रे? खिडकीच्या रांगेतला. तू कोणाला तरी मारलं होतंस."

"बेंद्रेला."

"का मारलंस ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीस."

"आठवत नाही बाई," मी म्हणालो.

मला अगदी नीट आठवत होतं.

कल्याणच्या आमच्या शाळेत लिमये बाई इतिहास शिकवायच्या. मुलं त्यांना तोफखाना म्हणायची, कारण त्या इतिहासातलं बाकी सगळं पुस्तकातून वाचून दाखवायच्या आणि लढाई आली की पुस्तक मिटायच्या. राजे कोण, तह कोणता, ह्यात त्यांना फार रस नव्हता. माणसाने माणसाला मारण्याची पद्धत कधी, कशामुळे बदलली, एवढंच त्यांना विचारावंसं वाटे. घरात कोणी सैन्यात नव्हतं. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कारकून होते. ते घरी कधी कामाबद्दल बोलायचे नाहीत, एवढंच बाईंनी एकदा सांगितलं होतं.

त्यांची शिकवण्याची एक रीत होती. समोर दिसेल ते उचलायचं. कल्याण स्टेशनबाहेरच्या टांगेवाल्याकडून त्यांनी एक जुनी रिकीब विकत घेतली होती. घोड्यावर बसल्यावर पाय टेकवायला लोखंडी कडं असतं ते. ते वर्गात फिरवायच्या. "हात घालून बघा. हे नव्हतं तेव्हा घोड्यावरचा माणूस घोड्याला धरून बसायचा. हे आलं आणि त्याचे दोन्ही हात मोकळे झाले. मोकळ्या हातांनी त्याने काय केलं?"

"लगाम धरला!" कोणीतरी म्हणालं.

"भाला धरला. एवढंसं कडं. ज्या लोहाराने पहिल्यांदा केलं त्याला वाटलं असेल, चला, माणसाची पडापड थांबली."

एकदा त्यांनी आख्खा वर्ग आधारवाडीकडच्या म्हशींच्या तबेल्यात नेला. मुली नाकाला रुमाल लावून. बाईंनी भिंतीच्या बुडाशी नखाने खरवडलं आणि पांढरी पूड तळहातावर घेतली. "हा सोरा. जनावरं मुततात त्या जमिनीत होतो. बंदुकीच्या दारूत गंधक असतं, कोळसा असतो, पण सगळ्यात जास्त हा. ज्या बादशाह्यांची नावं तुम्ही पाठ करता ना, त्या ह्या वासावर उभ्या होत्या." एका मुलीला उलटी झाली. पालकांची तक्रार आली. हेडमास्तरांनी बाईंना बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात म्हणाल्या, "सर म्हणाले, सहलीला किल्ला दाखवा, तबेला नको. मी म्हटलं, सर, किल्ला तबेल्याशिवाय उडत नाही."

त्या सहलीत सगळे हसत होते. मी एका खांबाआड उभा होतो आणि देवाचा धावा करत होतो की बाप आत्ता येऊ नये.

माझा बाप, धोंडू हांडे, त्याच तबेल्यांना गवत घालायचा. घाटावरून, जुन्नरकडून आलेला. मुरबाडच्या बाजूने गवत आणायचं आणि डोक्यावरून दारोदार पोचवायचं. आज माझ्या ऑफिसात त्याचा फेटा बांधलेला फोटो आहे. कोणी विचारलं तर मी सांगतो, वडील वैरणीचे घाऊक व्यापारी होते. फेटा फोटोग्राफरचा होता.

मग पानिपत आलं. बाईंचा आवडता धडा. त्या दिवशी त्या खरोखरच चिडल्या होत्या, कालच लढाई हरल्यासारख्या. फळ्यावर सैन्याची रांग काढली, तिच्यामागे दुसरी, तिच्याहून लांब. "हे लढणारे. आणि हे त्यांच्या मागून चालणारे. कोण होते हे?" आणि नेहमीप्रमाणे समोर दिसेल ते उचललं. खिडकीबाहेर बोट केलं.

"तो बघा. असे. हजारोंनी. तलवार नाही, भाला नाही, डोक्यावर ओझं. ह्यांना म्हणतात बाजारबुणगे. लढायचं नाही, नुसतं खायचं. ह्यांच्यापायी आपण बुडालो."

रस्त्यावरून गवताचा भारा चालला होता. भारा एवढा, की खाली फक्त पाय दिसत. पण स्वतःच्या बापाचे पाय कोणाला ओळखू येत नाहीत? बाईंचा आवाज ऐकून पाय थांबले. भारा जरा वळला. आणि भाऱ्यातून आवाज आला, "गवत पायजे का बाई?"

वर्ग फुटला. बाईंनाही हसू आवरेना. त्या हजरजबाबी होत्याच. म्हणाल्या, "नको रे बाबा, माझ्याकडे घोडा नाही."

वर्ग बाकं वाजवायला लागला. भाऱ्याखालून बापही हसला आणि पुढे गेला.

तो कोण ते वर्गात कोणाला कळलं नाही. बेंद्रेला सोडून. तबेला बेंद्रेच्या काकाचा होता. मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काय रे बुणग्या?" मी कंपासपेटी त्याच्या तोंडावर मारली. बाईंनी मला उभं केलं. का मारलंस? सांग ना, का मारलंस? सांगायचं तर तो शब्द माझ्या तोंडाने उच्चारायला हवा होता, आणि भाऱ्याखाली कोण होतं तेही. शनिवारपर्यंत वर्गाबाहेर उभा राहिलो. शाळा संपेपर्यंत मी बुणग्या होतो. पुढे बेंद्रे कुठे गेला कोण जाणे, पण शब्द माझ्याकडे राहिला. कोणी माझ्या बिलात हात घातला, कोणी मला दारात ताटकळत ठेवलं, की तो आतून वर यायचा आणि मी भांडायला उठायचो. लोक म्हणतात, हांडे तापट आहे. असू दे. बाईंनी तो शब्द चारचौघांत दिला होता. चारचौघांतच त्यांनी तो परत घ्यायला हवा, एवढं एकच येणं मी कोणावर तरी लावून धरलं होतं.

तर, छावणी झाली. बाईंनी मुलांना तंबू ठोकायला लावले नाहीत. आधी विहीर शोधायला लावली. मग चुली कुठे, जनावरं कुठे, घाण कुठे जाणार. मुलं कंटाळली. एकाने विचारलं, "बाई, लढाई कधी?" बाई म्हणाल्या, "लढाई संध्याकाळी असते रे, अर्धा तास. बाकी सगळं हेच असतं." रघू त्यांच्यावर खूश. मला म्हणाला, "शेठ, ही बाई आपल्या धंद्यात पायजे होती."

त्यानंतर कॉम्प्लेक्समध्ये बाईंशिवाय काही होईना. दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा असते. मातीचे किल्ले, त्यावर हळीव पेरलेलं, प्लास्टिकचे मावळे. परीक्षक बाई. त्या वर्षी दुकानातून जे मावळे आले, त्यातल्या निम्म्यांच्या हातात आजच्या बंदुका होत्या. सावंत म्हणून आमचे एक निवृत्त बँकवाले आहेत. ते मुलांवर भडकले. "अरे, मावळ्याच्या हातात मशीनगन? लाज नाही वाटत?" सगळ्यांना वाटलं, आता तोफखाना सुरू होणार.

बाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि स्वरा नावाच्या मुलीला म्हणाल्या, "छान आहे बंदूक. हिची काडतुसं गडावर कुठून येतात?"

स्वरा जराही न डगमगता म्हणाली, "ऑनलाइन मागवली."

"अरे वा. मग डिलिव्हरीवाला वर कुठून चढतो? वाट दाखव."

स्वराने मातीत कोरलेली नागमोडी वाट दाखवली. बाईंनी तिला पहिलं बक्षीस दिलं. सावंत तणतणत माझ्याकडे आले. "अध्यक्ष, हे काय आहे?" बाई मागूनच म्हणाल्या, "सावंत, बाकी सगळ्या किल्ल्यांवर बंदुका आहेत आणि वर जायला वाट एकालाही नाही. ह्या पोरीचा तेवढा एका दिवसाहून जास्त टिकेल."

बाईंचं असं होतं. सगळे ज्यावर रागवतात त्यावर त्या रागवायच्या नाहीत आणि भलत्याच ठिकाणी दुखावल्या जायच्या. सीमेवर वातावरण तापलं तेव्हाची गोष्ट. भोंगा वाजवून दिवे घालवायची तालीम झाली, आणि ती संपल्यावर सगळे बागेत उतरले. जो तो मोबाइल धरून. कुठलं क्षेपणास्त्र, कुठलं ड्रोन, किती लांब जातं. क्रिकेटसारखं. कोणीतरी भेळ मागवलेली. सावंत म्हणाले, "बाई, तुमची तलवार-भाला आता विसरा. आता सगळं बटणावर."

"बटण दाबणारा कुठे बसतो?"

"कुठेतरी. हजार मैलांवर."

"संध्याकाळी घरी जेवायला जातो?"

"जात असेल की."

बाई म्हणाल्या, "पूर्वी युद्धाला ऋतू असायचा. पाऊस पडला की घरी. पेरणीला माणूस लागायचा. राजालाही वाट बघावी लागायची. आम्ही पोरांना सांगतो, दसऱ्याच्या मुहूर्तावर मोहिमा निघायच्या. मुहूर्त कसला? नद्या उतरलेल्या असायच्या आणि रानात गवत उभं असायचं. आधी गवत, मग मुहूर्त. माणसाने त्याचा सण केला. आता पाऊस आडवा येत नाही, गवत लागत नाही, रात्र होत नाही. थांबायला कारणच उरलं नाही." आणि समोर आलेली भेळेची डिश त्यांनी बाजूला सरकवली. "मला नको रे. मला लाज वाटते. ह्याआधीची सगळी युद्धं मीच पोरांना रंगवून सांगितली आहेत."

कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मी दिलं. कारण 'गवत' हा शब्द बाईंच्या तोंडून आला की माझे कान आपोआप टवकारतात.

पुढच्या दसऱ्याला कॉम्प्लेक्सच्या हॉलमध्ये बाईंचं व्याख्यान ठेवलं. कल्पना सावंतांची. विषय त्यांनीच फलकावर लिहिला होता: आपली युद्धपरंपरा. हॉल भरला. माझी बायको, मुलगी, जावई पुढच्या रांगेत. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती, गोडाऊनमध्ये हातोडे, ड्रिल मशिनी, दोरांची भेंडोळी पुजली होती, म्हणून रघू आणि कामावरची पोरंही गुलाल लावून मागे येऊन बसलेली. स्टेज, साउंड माझं. शेवटी आभार मी मानायचे, असं ठरलेलं.

बाई उभ्या राहिल्या. आवाज आता थोडा कापायचा. पण सुरुवात जोरात केली. घोडा, रिकीब, सोरा, तोफ. तोफ आल्यावर भिंती कशा बदलल्या. तालमीत तयार झालेलं पायदळ आलं तेव्हा एकट्याच्या शौर्याची किंमत कशी उतरली. सावंत मान डोलवत होते. आणि मग बाई पानिपतावर आल्या.

"मी तीसएक वर्षं वर्गात सांगितलं की बाजारबुणग्यांमुळे आपण हरलो," बाई म्हणाल्या. "ते खोटं होतं. आपल्या लढाईची रीतच अशी होती की हलकं राहायचं, चपळ राहायचं आणि पोटाला लागेल ते वाटेवर मिळवायचं. ते मिळवणारे हे लोक होते. कोणी धान्याचे बैल हाकायचा, कोणी पखालीने पाणी आणायचा, कोणी नाल ठोकायचा, कोणी गवत कापायचा. मग आपण जड तोफा घेतल्या. नव्या होत्या, चांगल्या होत्या. पण त्या ओढायला बैल, आणि बैलाची चाल तीच सगळ्या सैन्याची चाल. हत्यार बदललं, रीत बदलली नाही. एका जागी अडकलो. वाटा तुटल्या. गवत कापायला गेलेली माणसं परत येईनात. ती मेली. बिनहत्यारी मेली. आणि ज्यांच्या जिवावर सैन्य उभं होतं त्यांच्यावरच आपण पराभव ढकलला. नंतर त्यांचं नाव ही शिवी करून टाकली. मीही केली."

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली होती. बाई पाणी प्यायल्या.

"एकदा वर्गात मी खिडकीबाहेर बोट केलं होतं. एक माणूस गवताचा भारा घेऊन चालला होता. मी मुलांना म्हटलं, हा बघा, असे असतात ते. त्याला वाटलं, मी गवताला हाक मारली. त्याने विचारलं, गवत हवंय का बाई? मी म्हटलं, माझ्याकडे घोडा नाही. मुलं खूप हसली. तोही हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायचं असतं त्याला. मला त्याचा चेहरा दिसला नाही. नाव माहीत असण्याचा प्रश्नच नाही. पण हल्ली इतिहासाचं पुस्तक उघडलं की मला तोच आवाज ऐकू येतो. मला त्याची माफी मागायची आहे. कोणाकडे मागू, ते कळत नाही. म्हणून इथे मागते."

बाईंनी मान खाली घातली आणि बसल्या.

टाळ्या तुरळक. लोकांना वीरश्री हवी होती. सावंत माझ्या कानाशी म्हणाले, "हे काय मध्येच गवत? आटपा आता, आभार."

माइक माझ्या हातात आला. समोर बायको, मुलगी, जावई. जावयाचे वडील. दोन बिल्डर, ज्यांना मी त्याच आठवड्यात वैरणीच्या घाऊक व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली होती. मागे रघू आणि पोरं. बाई माझ्याकडेच बघत होत्या, वक्ता आभाराच्या वेळी बघतो तसं, थकलेलं, थोडं हसून. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. माझा बाप. आयुष्यभर जो सौदा मनात चालवला, त्यात समोरच्याने माझी किंमत न मागताच मान्य केली होती, आणि मला हात पुढे करता येईना.

मी बाईंचे आभार मानले. हॉलचे मानले. साउंडवाल्याचे, फुलवाल्याचे, चहा देणाऱ्या शेट्टीचे, खुर्च्या मांडणाऱ्या पोरांचे, एकेकाचं नाव घेऊन. घरी येताना बायको म्हणाली, "अहो, तुमचा आवाज का बसला होता?" मी म्हणालो, "ह्या साउंडवाल्याला कितीदा सांगितलं, ट्रेबल कमी कर." आणि दुसऱ्या दिवशी साउंडवाल्याला खरंच झापलं.

दिवाळीनंतर बाई नाशिकला भाचीकडे कायमच्या जाणार असं कळलं. गुडघे गेले होते. सामान थोडंच. पुस्तकं आणि विसरलेल्या पोरांच्या छत्र्या. टेम्पो मी दिला. पैसे घेणार नाही म्हणालो, तर बाई म्हणाल्या, "बघ हं हांडे, पहिल्यांदाच तू मला भावात हरवतोयस."

सकाळी गेटवर गाडी उभी होती. भाची पुढे. बाई मागे, खिडकीशी, मांडीवर गुलाबी बाटली. रघू टेम्पोवर दोर आवळत होता आणि बाई खिडकीतून त्याला सांगत होत्या की पुस्तकांवर ताडपत्री दुहेरी घाल. मी निरोप द्यायला वाकलो.

"हांडे, एक सांगायचं राहिलं," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुझं आभाराचं भाषण मला फार आवडलं. माझं तर कोणालाच आवडलं नाही. पण तू सगळ्यांची नावं घेतलीस. खुर्च्या मांडणाऱ्यांचीसुद्धा. कोणी घेत नाही रे."

कौतुकच होतं. पण माझं डोकं फिरलं. माझं नेहमी असंच होतं, नको तिथे.

"एकाचं राहिलं," मी म्हणालो.

"कोणाचं?"

"तुमच्या खिडकीबाहेरच्या माणसाचं. धोंडू हांडे. माझा बाप होता तो."

मी एवढ्या जोरात बोललो की रघूचे हात थांबले. बाईंना ते कळायला वेळ लागला. आधी त्या हसल्या, ऐकू न आल्यावर म्हातारी माणसं हसतात तसं. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

"म्हणून मारलंस त्या मुलाला," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी तुला उभं केलं."

त्यांनी दाराची कडी चाचपली. "मला उतरू दे."

"मावशी, अगं गुडघा! घाटात ट्रॅफिक लागेल," भाची म्हणाली.

"थांब गं. मला उतरायचंय."

एक पाय बाहेर आला. वर्गात फळ्यापासून खिडकीपर्यंत ताडताड जाणारा तो पाय जमीन शोधत हवेत लोंबत होता. तेवढं बघून मी दार बाहेरून धरलं. "नको बाई. बसा. खरंच बसा." मी त्यांचा पाय हाताने उचलून आत ठेवला आणि दार लावलं. त्यांना पडू द्यायचं नव्हतं म्हणून लावलं, की खाली उतरलेल्या बाई मला बघायच्या नव्हत्या म्हणून, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

गाडी सुरू झाली. भाचीने काच वर घेतली. काचेआड लिमये बाईंनी माझ्याकडे बघत दोन्ही हात जोडले आणि कपाळ त्यांवर टेकवलं. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. मी पाठ फिरवली आणि रघूवर ओरडलो, "बघतोस काय? दोर आवळ!"